मॉडेल बोटीच्या तळाचा रंग आणि त्याखालचं अस्तर : पार्श्वभूमी

मॉडेल बोटीच्या तळाला लागणारा बहुतेक माल मुळात दुसऱ्याच कामांसाठी बनला. काही जहाजांच्या गोदीतून आला, काही विमानांच्या कारखान्यातून, बराचसा मोटारींच्या रंगकामातून. प्रत्येकाचं रसायन वेगळं आणि थिनरही वेगळा. तळाचा रंग सुरकुततो किंवा त्याचे पोपडे निघतात, तेव्हा खराब डब्यापेक्षा दोन परक्या रसायनांची गाठ पडलेली असण्याची शक्यता जास्त.

तळ लाल का, हे जहाजांकडे पाहिलं की कळतं. लाकडी जहाजांच्या तळाला डांबर, राळ, प्राण्यांचं तेल, गंधक अशी मिश्रणं फासत. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या फ्रिगेटच्या, म्हणजे वेगवान युद्धनौकेच्या, तळावर तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे किडे थांबले, पण तांब्याला टेकलेलं लोखंडी खिळेकाम खाऱ्या पाण्यात गंजून गेलं. पुढे जहाजंच लोखंडाची झाल्यावर तांबं थेट लावायची सोय उरली नाही. मग आत जवसाच्या तेलातला शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, गंज रोखायला. आणि वर जीवजंतू चिकटू नयेत म्हणून विषारी थर, ज्यात पुढे क्युप्रस ऑक्साइड रूढ झाला. दोन्ही तांबडेच. मॉडेल बोट खेळ संपला की पाण्याबाहेर येते, त्यामुळे तिला यातलं विष लागत नाही. विटकरीकडे झुकणारा मॅट लाल पुरतो. झगझगीत लाल लावला की बोट खेळण्यातली दिसते. जुना शेंदूर हाताशी असला तरी वापरू नये, घासताना शिशाची धूळ उडते.

लाकडी मॉडेलवर मोठा ठसा आहे तो विमानांच्या ‘डोप’चा. सेल्युलोजचं हे द्रावण पहिल्या महायुद्धात विमानांच्या पंखांवरचं कापड ताणून घट्ट करायला वापरत. बाल्सा या हलक्या लाकडावर पातळ कागद किंवा रेशीम डोपने चिकटवायचं, मग डोपमध्येच टाल्क कालवून लाकडाची छिद्रं बुजवायची, ही रीत तिथूनच आली. लाकडाची छिद्रं बुजवून घासायला सोपा थर देणारा सँडिंग सीलर हा त्याच घराण्यातला. मात्र डोप सुकताना आकसतो. पातळ फळ्यांना एकाच बाजूने भरपूर लावला तर फळी वाकते. म्हणून आतूनही एक-दोन हात द्यावेत. आता हे काम बहुधा इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून कडक होणारं रेझिन, करतं. साधारण मीटरभर लांबीच्या बोटीचा तळ पाव ते अर्धा चौरस मीटर भरतो. त्यावर चौरस मीटरला ५० ग्रॅमचं काचकापड आणि दोन-तीन हातांत मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास रेझिन. कडक झालेल्या इपॉक्सीवर कधी मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने, खरखरीत स्पंजने धुवायचा आणि मगच घासायचा. तसाच राहिला तर त्यावर प्रायमर धरत नाही.

खरी गुंतागुंत १९२० च्या दशकात सुरू झाली. ड्यूपाँटचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२३ मध्ये आला आणि मोटारीच्या रंगाचं सुकणं दिवसांवरून तासांवर आलं. १९२७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये अल्किड रेझिन घडलं, त्यातून आजचे एनॅमल निघाले. लॅकर नुसता थिनर उडून सुकतो. एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू जमतो. अर्धवट जमलेल्या एनॅमलवर लॅकरचा जहाल थिनर पडला की वरची साय फुगते आणि सुरकुत्या पडतात. उलट क्रम, म्हणजे पूर्ण सुकलेल्या लॅकर प्रायमरवर एनॅमल, सहसा बिनधोक असतो. स्प्रे कॅन १९४९ मध्ये अमेरिकेत एड सेमूर यांनी काढला. त्याने काम सोपं झालं, पण आत लॅकर आहे की एनॅमल हे डब्याच्या रंगावरून कळेनासं झालं. ‘एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर दुसरा हात’ अशी सूचना दिसली तर आत एनॅमल आहे असं समजावं, आणि मधल्या वेळात हात लावू नये.

लॅकरची दुसरी खोड दमट हवेत कळते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका होतो. कोरड्या हवेची वाट पाहावी, नाहीतर सावकाश उडणारा थिनर घालावा.

भर देणारा प्रायमर हाही मोटारींकडून आलेला. त्यात टाल्कसारखी पूड भरपूर असते, म्हणून तो छान घासला जातो आणि त्याच कारणाने पाणी पितो. नुसत्या प्रायमरवर बोट तरंगवून वजनाची चाचणी घेऊ नये. ती इपॉक्सीनंतर लगेच किंवा वरच्या रंगानंतर घ्यावी. दोन-तीन पातळ हात, वर काळ्या रंगाची हलकी फवारणी, मग २४० आणि ४०० नंबरचा पेपर. काळं उरलं तिथे खड्डा आहे. ओलं घासलं असेल तर पुरतं वाळू द्यावं. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास आला तर प्रायमर सुकलेला नाही. वर रंग चढवला तर पुढे थर आकसतो आणि बुजलेले ओरखडे पुन्हा डोकावतात.

फायबरग्लासच्या तयार तळावर साच्याचं मेण असतं. ते आधी मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसायचं, नंतर घासायचं. उलट केलं तर पेपर ते मेण ओरखड्यांत दाबून बसवतो. पितळी सुकाणूला आणि शाफ्टच्या नळीला फॉस्फोरिक आम्लाचा, धातूला किंचित खाऊन पकड घेणारा ‘एच’ (etch) प्रायमर चालतो. या प्रकाराला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने धातूसाठी चालना दिली. लाकडावर किंवा फायबरग्लासवर त्याला खायला धातूच नाही. त्याच्यावर पॉलिएस्टर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरू नये, आम्लामुळे ती नीट कडक होत नाही.

मॉडेलचं छोटं ग्लो इंजिन, ज्यात तापलेली तार इंधन पेटवते, १९४० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालं आणि मेथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनाने नायट्रेट डोप विरघळू लागला. डोपचा दुसरा प्रकार, ब्युटिरेट डोप, थोडंफार नायट्रो (नायट्रोमिथेन) सोसतो. नायट्रेटवर तो चढतो, पण ब्युटिरेटवर नायट्रेट धरत नाही. जास्त नायट्रोपुढे दोन घटकांचा पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी रंगच टिकतो. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणी करायची तर बाहेरची हवा पुरवणारा मास्क हवा, साधा कापडी मुखवटा कुचकामी. बॅटरीवरच्या बोटीला इंधनाचा थेंबही लागत नाही, तिथे एनॅमल पुरतो.