१९३५च्या कायद्यावर आठव्या एडवर्डचे नाव कसे?

भारत सरकार कायदा, १९३५ जुन्या ग्रंथांत दोन खुणांनी सापडतो: ‘२५ & २६ जॉर्ज ५, सी. ४२’ आणि ‘२६ जॉर्ज ५ & १ एड. ८, सी. २’. दोन्ही बरोबर आहेत.

‘सी.’ म्हणजे चॅप्टर. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पार्लमेंटच्या एका अधिवेशनातले सगळे कायदे मिळून एकच संहिता धरत आणि प्रत्येक कायदा हे तिचे एक प्रकरण. म्हणून क्रमांक अधिवेशनाचा, आणि अधिवेशनाची ओळख राजाच्या कारकिर्दीच्या वर्षाने. हे वर्ष राज्यारोहणाच्या दिवशी बदलते. व्हिक्टोरियाचे ते २० जूनला बदले; १८६१चे अधिवेशन फेब्रुवारी ते ऑगस्ट चालले, म्हणून इंडियन कौन्सिल्स ॲक्ट ‘२४ & २५ व्हिक्ट., सी. ६७’. त्या अधिवेशनातल्या ज्या कायद्यांच्या प्रती जूनपूर्वी छापल्या, त्यांवर नुसते ‘२४ व्हिक्ट.’ दिसते, ते याचमुळे.

आता १९३५. मूळ कायद्याला ऑगस्टमध्ये राजसंमती मिळाली. त्यात ब्रह्मदेशाचाही कारभार होता. पुढच्या अधिवेशनात पुनर्मुद्रणाचा वेगळा कायदा करून त्याचे दोन भाग पाडले: भारताचा सी. २, ब्रह्मदेशाचा सी. ३. ते अधिवेशन चालू असतानाच, जानेवारी १९३६ मध्ये, पाचवा जॉर्ज वारला आणि आठवा एडवर्ड गादीवर आला; म्हणून १९३५च्या कायद्याला आठव्या एडवर्डचे नाव चिकटले. कलमाचा क्रमांक देताना कोणती प्रत समोर आहे, हे नोंदवावेच लागते.

मागे जावे तसा गुंता वाढतो. दुसऱ्या चार्ल्सची वर्षे तो प्रत्यक्ष गादीवर आला त्या १६६० पासून नव्हे, बापाच्या शिरच्छेदापासून, म्हणजे जानेवारी १६४९ पासून मोजतात. हेबिअस कॉर्पस ॲक्ट, १६७९ म्हणूनच ‘३१ चा. २, सी. २’. कुठे ‘चा.’ऐवजी ‘कार.’ आढळेल, ते कॅरोलस या लॅटिन रूपाचे, राजा तोच. बिल ऑफ राइट्सला संमती डिसेंबर १६८९ची, पण अधिकृत सन १६८८: सन पार्लमेंट भरल्या दिवसाचा धरला, ते फेब्रुवारीत भरले आणि तेव्हा इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला लागे. शिवाय १८१० ते १८२५ दरम्यान निघालेल्या ‘स्टॅट्यूट्स ऑफ द रेल्म’ आणि त्याआधीच्या संग्रहांत काही कायद्यांचे प्रकरण-क्रमांक जुळत नाहीत.

लघुशीर्षकांनी, म्हणजे कायद्यांच्या छोट्या अधिकृत नावांनी, बरेच सोपे झाले. १८९६च्या शॉर्ट टायटल्स ॲक्टने शेकडो जुन्या कायद्यांना ती मागाहून बहाल केली, त्यामुळे समकालीन कागदपत्रांत ती शोधून सापडत नाहीत. राजवर्षाची पद्धत मात्र १९६२च्या कायद्यानेच संपली; १९६३ पासून क्रमांक इसवी सनाप्रमाणे.

भारतात हा घोळ तेव्हाही नव्हता. ‘१८६०चा ४५ वा कायदा’, म्हणजे दंड संहिता, कलकत्त्याच्या विधान परिषदेचा. त्याच्या खुणेत राणीचे वर्ष नाही. राजाचे नाव आणि ‘सी.’ दिसले की कायदा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचा, समजावा.