परिसंस्था-प्रतिमाने आणि सागरी मत्स्यव्यवस्थापन

समुद्रात कोण कोणाला खातो, किती खातो, कोणती जात किती वेगाने वाढते आणि मासेमारीत त्यातला किती वाटा जातो, या सगळ्याचा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या गणिती रचनांना परिसंस्था-प्रतिमाने म्हणतात. मासेमारीचा कोटा, बंदीचा काळ, जाळ्याच्या आसाचा (छिद्राचा) आकार किंवा राखीव क्षेत्र ठरवताना एका निर्णयाचे धक्के अन्नजाळ्यात कुठवर पोहोचतील हे आधी तपासून पाहणे, हा त्यांचा मुख्य उपयोग.

मत्स्यव्यवस्थापनाची रूढ पद्धत एकेका जातीचा स्वतंत्र विचार करते. साठा किती, दरवर्षी नवी पिल्ले किती येतात, मासेमारीने किती मरतात आणि इतर कारणांनी किती, एवढ्यावर कमाल शाश्वत उत्पादन, म्हणजे साठा न खालावता दरवर्षी जास्तीत जास्त किती पकडता येईल ते, काढले जाते. यातला ‘इतर कारणांचा’ म्हणजे नैसर्गिक मृत्यूदर हा बहुधा एक ठरीव आकडा असतो. उत्तर अटलांटिकमधील कॉडसारख्या माशांसाठी तो दीर्घकाळ वर्षाला ०.२ (वर्षभर सतत लागू राहणारा दर) धरला जाई, म्हणजे दरवर्षी सुमारे १८ टक्के मासे आपोआप मरतात असे मानले जाई. पण समुद्रातले बहुतेक मासे म्हातारपणाने मरत नाहीत, ते खाल्ले जातात. आणि खाणाऱ्यांची संख्या बदलली की हा आकडाही बदलतो. शिवाय भक्ष्य आणि भक्षक या दोघांचेही कमाल उत्पादन एकाच वेळी पदरात पडणे शक्य नसते. प्रत्येक साठ्याचे स्वतंत्र गणित बरोबर असूनही सगळ्यांची बेरीज चुकू शकते, ती इथे.

हा विचार तसा जुना आहे. इटालियन प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो द’अँकोना यांना एड्रियाटिक समुद्राकाठच्या बाजारांतील नोंदी चाळताना दिसले, की पहिल्या महायुद्धात मासेमारी मंदावली तेव्हा शार्कसारख्या भक्षक माशांचे विक्रीतील प्रमाण वाढले होते. त्यांचे सासरे, गणिती व्हितो व्होल्तेरा, यांनी १९२६ मध्ये भक्ष्य-भक्षकांची समीकरणे मांडून याचे स्पष्टीकरण दिले. अमेरिकेत आल्फ्रेड लोट्का हेही स्वतंत्रपणे त्याच समीकरणांपर्यंत पोहोचले होते. मासेमारी आणि अन्नजाळे यांचा गणिती संबंध असा प्रत्यक्ष बाजारातील आकड्यांतून जुळला.

व्यवस्थापनाच्या टेबलावर हे गणित आले ते उत्तर समुद्रात. के. पी. अँडरसन आणि एरिक उर्सिन या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये तेथील माशांचे बहुजातीय प्रतिमान प्रसिद्ध केले. ‘आयसीईएस’ या आंतरराष्ट्रीय सागरी संशोधन परिषदेने १९८१ आणि १९९१ साली मोठ्या मोहिमा आखून माशांची पोटे तपासली. कॉड, व्हायटिंग, सेथ अशा भक्षकांच्या पोटात कोणत्या जातीची, किती लांबीची पिल्ले सापडतात याच्या नोंदी झाल्या. त्यातून दिसले, की लहान माशांचा नैसर्गिक मृत्यूदर त्या ठरीव आकड्याच्या कितीतरी वर आहे आणि तो वर्षागणिक बदलतो. आसाच्या आकाराविषयीचे निष्कर्षही उलटले. एकजातीय गणितानुसार मोठा आस वापरला की पिल्ले सुटतात आणि पुढे उत्पादन वाढते. बहुजातीय गणितात सुटून मोठे झालेले भक्षक इतर जातींची पिल्ले फस्त करतात, आणि फायदा घटतो किंवा उलट तोटाच होतो. आज उत्तर समुद्रातील कॉड, हेरिंग वगैरेंच्या साठ्यांची मोजणी एकजातीयच असते, पण तिच्यातील नैसर्गिक मृत्यूदर बहुजातीय प्रतिमानातून घेतले जातात. बाहेरून न दिसणारा हा बदल माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत भरीव यश आहे.

संपूर्ण अन्नजाळ्याची प्रतिमाने याला समांतर वाढली. जेफ्री पोलोव्हिना यांनी हवाई बेटांच्या साखळीतील फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळ परिसंस्थेसाठी १९८४ मध्ये ‘इकोपाथ’ प्रसिद्ध केले. पुढे डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्टेन्सेन यांनी ते जगभर वापरता येईल असे केले. इकोपाथ म्हणजे परिसंस्थेचा जमाखर्च : प्रत्येक गटाचे वर्षभराचे उत्पादन हे पकडलेले, खाल्ले गेलेले, इतर कारणांनी मेलेले, बाहेर गेलेले आणि साठ्यात भर पडलेले यांच्या बेरजेइतके असलेच पाहिजे. एखाद्या माशाचे जेवढे उत्पादन त्याहून अधिक खाल्ले गेल्याचे दिसले, तर कुठला तरी आकडा चुकला आहे हे लगेच उघडे पडते. १९९७ मध्ये कार्ल वॉल्टर्स आणि सहकाऱ्यांनी त्यात काळाचे परिमाण आणले (इकोसिम), आणि काही वर्षांत नकाशाचेही (इकोस्पेस). इकोसिममधील कळीची कल्पना अशी, की भक्ष्यातला काहीच भाग एका वेळी भक्षकाच्या तावडीत सापडण्याजोगा असतो. बाकीचा दगडांत, झोतांत, खोलीत लपलेला असतो. हे प्रमाण थेट मोजता येत नाही, आणि निष्कर्ष मात्र त्यावर फार अवलंबून असतात.

याहून अवजड प्रतिमान म्हणजे ऑस्ट्रेलियातील ‘सीएसआयआरओ’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेत बेथ फुल्टन यांनी घडवलेले ‘अटलांटिस’. त्यात समुद्राचे प्रवाह, पोषकद्रव्ये, प्लवक, मासे, बोटींचे ताफे आणि नियम असे सारे येते. दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियातील मासेमारीच्या पुनर्रचनेचे पर्याय तपासायला ते वापरले गेले. उलट टोकाला मोजक्या जाती आणि एकच नेमका प्रश्न घेणारी ‘मध्यम गुंतागुंतीची’ प्रतिमाने आहेत. कोटा बदलण्याइतका विश्वास आजवर यांनीच अधिक मिळवला आहे.

नेमक्या प्रश्नाचे बळ दक्षिण आफ्रिकेतील एका वादात दिसते. फर सील हेक मासा खातात, म्हणून सील मारले तर हेकचे उत्पादन वाढेल, असा युक्तिवाद होता. आंद्रे पुंट आणि डग बटरवर्थ यांनी १९९५ मध्ये सील आणि हेक एवढ्यापुरतेच प्रतिमान केले, पण एक गोष्ट सोडली नाही : तेथे हेकच्या दोन जाती आहेत, एक उथळ पाण्यातली आणि एक खोल पाण्यातली. सील मुख्यतः उथळ पाण्यातला हेक खातात, आणि तो मोठा झाला की खोल पाण्यातल्या हेकची पिल्ले खातो. सील कमी केले, की उथळ पाण्यातला हेक वाढतो आणि दुसऱ्याला खाऊन टाकतो. एकूण फायदा नगण्य, कदाचित तोटाच. ‘शत्रूचा शत्रू’ अन्नजाळ्यात किती सहज उलटतो हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दाखवले गेले असेल. दोन्ही हेक एका गटात टाकले असते तर उत्तर उलट आले असते.

बॅरेंट्स समुद्रात याच विचाराला नियमाचे रूप मिळाले. १९८० च्या दशकाच्या मध्यात तेथील कॅपेलिन हा छोटा चरबीयुक्त मासा कोसळला. हेरिंगच्या पिल्लांची मोठी लाट आली होती आणि ती कॅपेलिनच्या अळ्या खात होती. त्यात मासेमारीची भर पडली. उपाशी कॉड रोडावले आणि आपलीच पिल्ले खाऊ लागले, सीलचे कळप नॉर्वेच्या किनाऱ्यावर आले, गिलेमॉट पक्षी मोठ्या संख्येने मेले. आता नॉर्वे आणि रशियाचा संयुक्त आयोग कोटा ठरवताना कॉडचा वाटा आधी बाजूला काढतो. शरद ऋतूत ध्वनिलहरींनी साठा मोजतात, वसंतातील अंडी घालण्याच्या काळापर्यंत कॉड किती कॅपेलिन खाईल हे प्रतिमान सांगते, आणि अंडी घालणारा साठा २ लाख टनांच्या वर राहण्याची शक्यता ९५ टक्के असेल एवढीच मासेमारी करू देतात. ते जमत नसेल तर कोटा शून्य. असे अनेकदा झालेही आहे.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मेनहेडन या चाराजातीसाठी (मोठ्या माशांचे आणि पक्ष्यांचे खाद्य असलेल्या छोट्या माशासाठी) राज्यांच्या संयुक्त आयोगाने ऑगस्ट २०२० मध्ये परिसंस्थेवर आधारित मर्यादा स्वीकारल्या. इकोसिमच्या आटोपशीर आवृत्तीला विचारलेला प्रश्न असा : स्ट्राइप्ड बास या भक्षक माशाचा साठा अपेक्षित पातळीवर टिकायचा असेल, तर मेनहेडनची मासेमारी जास्तीत जास्त किती चालेल? ही मर्यादा जुन्या एकजातीय मोजणीला जोडून वापरतात. २०२५ च्या मोजणीत मेनहेडनचा नैसर्गिक मृत्यूदर पूर्वी मानला त्यापेक्षा कमी निघाला, त्यामुळे साठाही लहान ठरला आणि २०२६ साठीचा कोटा २० टक्क्यांनी कमी झाला. परिसंस्थेचे प्रतिमान कितीही चांगले असले तरी पायाचा एक आकडा हलला की सगळे हलते.

चाराजातींविषयीचा सर्वसाधारण निष्कर्षही प्रतिमानांतूनच आला. २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच परिसंस्था निरनिराळ्या प्रतिमानांनी तपासल्या होत्या. चाराजातींची मासेमारी रूढ कमाल पातळीवर नेली तर सागरी पक्षी, सस्तन प्राणी आणि मोठे मासे यांना मोठा फटका बसतो. तिचा दर निम्मा ठेवला तर परिणाम बरेच घटतात आणि तरीही कमाल उत्पादनाच्या सुमारे ८० टक्के हाती येते. अंटार्क्टिकाभोवतीच्या क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जिवासाठीचा नियम मात्र अशा गणिताची वाट न पाहता केला गेला. १९८० च्या अंटार्क्टिक सागरी सजीवसंपदा संवर्धन करारानेच भक्ष्य-भक्षकांचे नाते राखण्याची अट घातली होती. केवळ क्रिलचा विचार केला तर निम्मा साठा शिल्लक ठेवणे पुरेसे. मासेमारीच नसेल तर १०० टक्के. म्हणून मधला ७५ टक्के हा आकडा घेतला. अपुऱ्या माहितीत सावधगिरीच्या बाजूने उभे राहण्याची ही रीत मला अनेक भारी प्रतिमानांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

उणिवा ठळक आहेत. पोटातले अन्न हे त्या जागेचे आणि त्या दिवसाचे चित्र असते. हिवाळ्यातल्या किंवा खोल पाण्यातल्या नोंदी विरळच. पूर्ण अन्नजाळ्याच्या प्रतिमानात शेकडो आकडे लागतात, आणि निराळ्या आकड्यांचे संचही भूतकाळाशी तितकेच जुळू शकतात, भविष्य मात्र वेगवेगळे सांगतात. म्हणून एकाच प्रश्नाला अनेक प्रतिमाने लावतात, आणि एखादा नियम संगणकातल्या कल्पित समुद्रात चुकीची मोजणी, वाईट वर्षे, नियमभंग अशा सगळ्यांसह चालवून पाहतात. टिकला तरच तो खऱ्या समुद्रात आणायचा. तापमानवाढीच्या अंदाजांसाठीही अनेक जागतिक प्रतिमाने एकत्र वापरली जातात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात दर १ अंश तापमानवाढीमागे सागरी प्राण्यांचा जैवभार (एकूण वजन) सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी घटेल असे दिसले. हे दीर्घ पल्ल्याचे चित्र झाले, पुढच्या हंगामाचा कोटा त्यातून निघत नाही.

आयरिश समुद्रात परिसंस्थेचे प्रतिमान आणि हंगामाचा कोटा या दोन गोष्टी जोडण्याचा प्रयत्न झाला आहे. तेथे २००० पासून निर्बंध असूनही कॉड आणि व्हायटिंग सावरत नव्हते. इकोसिमचे प्रतिमान तयार करताना शास्त्रज्ञांनी मच्छीमारांना सोबत घेतले; कोणता मासा काय खातो आणि पूर्वीच्या काळी किती मासेमारी होई, याविषयीची त्यांची माहिती आकड्यांत उतरवली. २०२१ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार एकजातीय मोजणीने दिलेला मासेमारीच्या दराचा पट्टा (कमीत कमी ते जास्तीत जास्त) तसाच राहतो, आणि परिसंस्थेची स्थिती त्या जातीला अनुकूल असेल तर पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे, प्रतिकूल असेल तर खालच्या टोकाकडे जाण्याचा सल्ला दिला जातो.