ब्लॅकहीथ फुटबॉल क्लब

ब्लॅकहीथ फुटबॉल क्लब : आग्नेय लंडनमधील रग्बी क्लब. स्थापना १८५८. नावात फुटबॉल आहे, कारण स्थापनेच्या वेळी फुटबॉल आणि रग्बी हे दोन खेळ वेगळे झालेलेच नव्हते. ते वेगळे होण्यात या क्लबचा हात मोठा आहे. शाळेच्या, कॉलेजच्या किंवा रुग्णालयाच्या चौकटीबाहेरचा, कोणालाही सभासद होता येईल असा जगातील सर्वांत जुना रग्बी क्लब म्हणून तो ओळखला जातो. ‘कोणालाही’ ही अट महत्त्वाची. लंडनच्या गाइज हॉस्पिटलचा संघ १८४३ पासूनचा आणि डब्लिन विद्यापीठाचा १८५४ पासूनचा मानला जातो. वयाचा मान त्यांचा. पण ते क्लब त्या त्या संस्थेच्या मुलांचे होते.

ग्रेनिच पार्कच्या दक्षिणेला पसरलेले ब्लॅकहीथचे माळरान पूर्वीपासून सर्वांसाठी खुले होते. १८८१ मध्ये येथे झालेल्या इंग्लंड-वेल्स सामन्यामुळे हे नाव रग्बीत गाजले, पण त्याच्या पाचशे वर्षे आधी, १३८१ मध्ये, वॉट टायलरच्या नेतृत्वाखालील शेतकरी बंडखोर लंडनवर चालून जाताना याच माळावर जमले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भोवती सुखवस्तू वस्ती उभी राहिली आणि तिच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. ब्लॅकहीथ प्रोप्रायटरी स्कूल ही त्यांतलीच. त्या शाळेत रग्बी स्कूलच्या धर्तीचा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ चाले. शाळा सुटल्यावरही खेळ सोडवेना, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी क्लब काढला आणि बाहेरच्यांनाही त्यात घेतले.

वरवर साध्या दिसणाऱ्या या निर्णयातून पुढच्या अडचणी निघाल्या. तोवर प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. ईटनचे नियम ईटनला, हॅरोचे हॅरोला. रग्बी स्कूलने आपले नियम १८४५ मध्ये लिहून काढले होते. शाळेत वरच्या वर्गातला मुलगा सांगेल तो नियम, त्यामुळे भांडण फार चालत नसे. वेगवेगळ्या शाळांतून आलेली मोठी माणसे एका मैदानावर उतरली, की चेंडू उचलायचा की नाही, समोरच्याला धरायचे की नाही, हे खेळापूर्वी ठरवावे लागे. सर्वांना चालेल असा एकच कायदा ही खुल्या क्लबांची गरज होती, शाळांची नव्हे.

तो कायदा करण्यासाठी २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये बैठक भरली. बार्न्स क्लबच्या एबेनेझर मॉर्लीने पुढाकार घेतला होता. तेथे स्थापन झालेली फुटबॉल असोसिएशन आज सॉकरची जननी समजली जाते. तिच्या पहिल्या सभासदांत ब्लॅकहीथ क्लब, ब्लॅकहीथ प्रोप्रायटरी स्कूल आणि ब्लॅकहीथचीच पर्सिव्हल हाउस ही शाळा होती. एका उपनगराचे तीन प्रतिनिधी! असोसिएशनचा खजिनदार म्हणून निवड झाली ती ब्लॅकहीथ क्लबच्या फ्रान्सिस मॉल कॅम्पबेलची.

मॉर्लीच्या पहिल्या मसुद्यात रग्बीवाल्यांना हवे ते बरेच होते. चेंडू झेलला किंवा पहिल्या टप्प्यावर पकडला तर तो घेऊन पळायची मुभा होती. पळणाऱ्याला धक्का देणे, धरणे, पाय घालून पाडणे, त्याच्या नडगीवर लाथ मारणे, त्याच्या हातून चेंडू हिसकावणे, हे सगळे प्रतिपक्षाला चालणार होते. फक्त एकाच वेळी धरून ठेवायचे आणि लाथाही मारायच्या, हे चालणार नव्हते. एवढी दया मसुद्याने दाखवली होती. नडगीवर लाथा मारण्याच्या या प्रकाराला हॅकिंग म्हणत.

नोव्हेंबरमध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी केलेले नियम असोसिएशनच्या हाती आले. त्यांत हॅकिंगही नव्हते आणि चेंडू घेऊन पळणेही नव्हते. बऱ्याच सभासदांना ते पटले. १ डिसेंबरच्या बैठकीत मसुद्यातील ती दोन कलमे काढून टाकण्याचा प्रस्ताव आला तेव्हा कॅम्पबेल भडकला. हॅकिंग काढले तर खेळातले धैर्य आणि मर्दुमकीच निघून जाईल, मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोक आणूनही मी तुम्हाला हरवून दाखवीन, असे तो म्हणाला. मॉर्लीचे उत्तर व्यवहारी होते : हॅकिंग ठेवले तर शहाणपणाच्या वयाला आलेला कोणीही खेळणार नाही आणि फुटबॉल शाळकरी पोरांपुरता उरेल. कलमे गेली. ८ डिसेंबरच्या बैठकीत ब्लॅकहीथने असोसिएशनमधून अंग काढून घेतले.

ही हकीकत लाथांवरून झालेली फारकत म्हणून सांगितली जाते. कॅम्पबेलचे फ्रेंचांवरचे वाक्य चटकदार असल्यामुळे ती तशी टिकलीही. पण क्लबची पुढची वाटचाल पाहिली तर खरा मुद्दा चेंडू हातात घेऊन पळण्याचा होता, हे मानावे लागते. लाथांचा हक्क आठ वर्षांच्या आत ब्लॅकहीथसह सर्व रग्बी क्लबांनी सोडून दिला. चेंडू घेऊन पळणे मात्र कोणीच सोडले नाही.

असोसिएशनबाहेर राहिलेल्या क्लबांना मध्यवर्ती संस्था नव्हती. ब्लॅकहीथ आणि रिचमंड यांचे सामने १८६० च्या दशकात सुरू झाले आणि रग्बीतील सर्वांत जुन्या क्लब-लढतींत ते गणले जातात. नियमांचा घोळ मात्र तसाच होता. नोव्हेंबर १८७० मध्ये ‘टाइम्स’मध्ये एका शल्यचिकित्सकाने नाव न देता पत्र लिहून रग्बी स्कूलमधील दुखापतींवर टीका केली आणि वाद पेटला. डिसेंबरमध्ये रिचमंडचा चिटणीस एडविन अ‍ॅश आणि ब्लॅकहीथचा चिटणीस बेंजामिन बर्न्स यांनी त्याच वृत्तपत्रातून रग्बी पद्धतीने खेळणाऱ्या क्लबांना एकत्र येण्याचे आवाहन केले. २६ जानेवारी १८७१ रोजी पॅल मॅल रेस्टॉरंटमध्ये २१ क्लब जमले आणि रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. पहिला अध्यक्ष रिचमंडचा अल्जर्नन रटर. नियम लिहिण्याचे काम तीन वकिलांकडे गेले. त्यांतला मेटन पाय मोडून घरी बसला होता, म्हणून बरेचसे लेखन त्याच्याच गळ्यात पडले. त्या वर्षी मंजूर झालेल्या नियमांत हॅकिंगला आणि पाय घालून पाडण्याला स्पष्ट बंदी होती.

२७ मार्च १८७१ रोजी एडिंबराच्या रेबर्न प्लेस मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. प्रत्येक बाजूला २० गडी होते. इंग्लंडचा कर्णधार ब्लॅकहीथचा फ्रेडरिक स्टोक्स होता आणि वृत्तपत्रातून आवाहन करणारा बर्न्सही संघात होता. सामना स्कॉटलंडने जिंकला. फ्रेडरिकचा धाकटा भाऊ लेनर्ड स्टोक्स हा त्या काळातला नामांकित खेळाडू. १९ फेब्रुवारी १८८१ रोजी वेल्स पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तो ब्लॅकहीथच्या रिचर्डसन्स फील्डवर. लेनर्डच्या नेतृत्वाखालील इंग्लंडने तेरा ट्राय केले, म्हणजे तेरा वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. वेल्सला खाते उघडता आले नाही.

माळावर खेळायला परवानगी लागत नसे, पण तेथे कुंपण नसल्यामुळे तिकीट लावता येत नसे आणि प्रेक्षक आत घुसले तर अडवताही येत नसे. खेळाला गर्दी होऊ लागली तसा क्लब बंदिस्त मैदानाकडे वळला. रिचर्डसन्स फील्डनंतर १८८३ मध्ये चार्लटनमधील रेक्टरी फील्ड मिळाले आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तेच क्लबचे घर राहिले. ट्विकनमचे रग्बी मैदान होण्यापूर्वी इंग्लंडचे काही आंतरराष्ट्रीय सामने येथे झाले. ९ जानेवारी १९०९ रोजी ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ९-३ असे हरवले ते येथेच. नोव्हेंबर १९०५ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावरील संघाने खुद्द ब्लॅकहीथला येथे ३२-० ने धुतले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लब जोमात होता. क्रिकेटप्रेमींना ठाऊक असलेला अँड्र्यू स्टॉडार्ट ब्लॅकहीथकडून रग्बी खेळे. इंग्लंडचे नेतृत्व त्याने दोन्ही खेळांत केले. १८८८ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात कर्णधार रॉबर्ट सेडन नदीत बुडून मरण पावला, तेव्हा ब्रिटिश संघाची धुरा स्टॉडार्टकडेच आली. ब्लॅकहीथचाच पर्सी कार्पमेल याने १८९० मध्ये बार्बेरियन्स हा निमंत्रितांचा संघ काढला. त्याला मैदान नाही, क्लबघर नाही; बोलावणे येईल त्याने खेळायचे.

या सगळ्या काळात पैसे घेऊन खेळणे निषिद्ध होते. ब्लॅकहीथच्या सभासदांना ते सोपे होते. थोरला स्टोक्स वकील, धाकटा डॉक्टर. शनिवारची दुपार मोकळी ठेवणे त्यांना परवडे. उत्तर इंग्लंडमधल्या गिरणी आणि खाण कामगारांचे तसे नव्हते. सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडे. ती भरून देण्याची मागणी युनियनने फेटाळली आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब बाहेर पडले. त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळ निघाला; मूळ खेळ रग्बी युनियन म्हणून ओळखला जातो. हौशीपणाचे तत्त्व उदात्त होते असे सांगणारे दक्षिणेतले लोक बहुधा ज्यांची मजुरी बुडत नव्हती असेच होते, हे नोंदवायला हवे. ब्लॅकहीथ त्याच बाजूला होता.

शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बी युनियनमधील हौशीपणाची अट काढून टाकली. त्याआधी १९८७ मध्ये क्लबांची राष्ट्रीय लीग, म्हणजे गुणांवर चालणारी साखळी स्पर्धा, सुरू झाली होती. तोवर कोणाशी खेळायचे ते क्लबांचे चिटणीस आपापसांत पत्राने ठरवत. जुने नाव असले की चांगले सामने मिळत. लीगमध्ये नावाला गुण नसतात. पैसा आल्यावर तर उपनगरी क्लबांची दमछाक झाली. जुना प्रतिस्पर्धी रिचमंड धनिकाच्या बळावर वर चढला, १९९९ मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि त्याला पार खालच्या पायरीवरून हौशी म्हणून पुन्हा सुरुवात करावी लागली. ब्लॅकहीथही व्यावसायिक लीगच्या दुसऱ्या श्रेणीपर्यंत पोहोचून त्याच सुमारास खाली आला, पण क्लब मोडला नाही. पुढे तो बराच काळ तिसऱ्या स्तरावरील नॅशनल लीग वनमध्ये खेळला आणि २०१२ नंतर रिचमंडशी त्याची गाठ तेथे पुन्हा पडली.

२०१६ मध्ये पहिल्या संघाचे सामने रेक्टरी फील्डवरून एल्थममधील वेल हॉलला हलले. क्लबचे हौशी संघ तेथे आधीपासून खेळत होते.