टीईटी आली आणि घरची भाषा राहूनच गेली : थोडी पार्श्वभूमी

एकेकाळी बारावीला चांगले मार्क पडलेली पोरं डीएडला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, जायची कारण नोकरीची खात्री होती, २००० पासून तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढायला लागली तरी पुढे कायम होणार हे माहीत असायचं. मग कॉलेजं भरमसाठ निघाली आणि २०१० च्या सीईटीनंतर (शिक्षक निवडीची परीक्षा) भरतीच आटली, सरकारच्या ऑनलाइन पवित्र पोर्टलवरून नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं.

खरा वाद टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) आल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने ही परीक्षा सक्तीची केली, राज्यात पहिली झाली डिसेंबर २०१३ ला. पहिली ते पाचवीचा पेपर १५० मार्कांचा, बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०, खुल्या गटाला पासिंग ९० ला. आता मराठी पहिली भाषा घेतली की दुसरी इंग्रजी. उर्दू, कन्नड, तेलुगू वगैरेची सोय आहे पण मेळघाटात पोरं घरी कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी-माडिया, नंदुरबारकडे पावरी-भिली, यातली एकही यादीत नाही! आणि आरटीईच्याच कलम २९ मध्ये लिहिलंय की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. एकाच कायद्यातून निघालेल्या या दोन गोष्टींची गाठ कुणी घातलीच नाही, माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

परिणाम असा की डीएडचा विद्यार्थी इंटर्नशिपला गेला तरी जीव टीईटी क्लासच्या नोट्समध्ये, कोरकूतले शंभर शब्द शिकून मार्क वाढत नाहीत ना. मग पहिलीतलं मूल गप्प बसलं की शेरा ठरलेला, "याला शिकायची आवडच नाही". अरे, त्याला सूचनाच कळलेली नसते, तीच त्याच्या बोलीत सांगा आणि मग बघा.

२०२१ च्या शेवटी परीक्षेतला घोटाळा बाहेर आला तेव्हा प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांची उरलीसुरली उमेदही गेली. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात जमेल तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं आलं होतं, पण ते शिकवायचं कुणी याचं उत्तर शिक्षक तयार करण्याच्या वाटेवर कुठेच दिसत नाही.

आणि १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. नोव्हेंबरच्या परीक्षेला तेही बसले. पाड्यावर वर्षानुवर्षं राहून मुलांची बोली शिकलेल्या गुरुजींनाही आता तेच १५० प्रश्न सोडवायचेत, आणि त्या बोलीचा त्यात एकही नाही.