अॅबाची उतरलेली पट्टी

५ नोव्हेंबर २०२१ रोजी स्वीडनच्या अॅबा या पॉप गटाचा ‘व्हॉयेज’ हा अल्बम आला, तेव्हा त्यांच्या आधीच्या ‘द व्हिजिटर्स’ अल्बमला चाळीस वर्षं होत आली होती. आग्नेथा फेल्टस्कोग ७१ वर्षांची, फ्रिडा ल्युंगस्टाड शहात्तरीला टेकलेली, बेनी अँडरसन ७४ आणि ब्यॉर्न उल्व्हेयस ७६. एकेकाळी दोन जोडपी असलेले हे चौघं पुन्हा एकत्र कसे आले, जुने घटस्फोट विसरले का, यावर रकाने भरभरून लिहिलं गेलं. ते बाजूला ठेवू. त्या अल्बममध्ये ‘जस्ट अ नोशन’ नावाचं एक गाणं आहे. त्यातले गळे १९७८चे आहेत. तेव्हा कुठल्याच अल्बममध्ये न गेल्यामुळे ते पडून राहिलं होतं. नव्या अल्बमसाठी जुने आवाज तसेच ठेवले आणि वाद्यांची साथ तेवढी नव्यानं वाजवून घेतली. म्हणजे एकाच अल्बमवर त्याच दोन बायकांचे तिशीच्या आगेमागचे आणि सत्तरीच्या आगेमागचे आवाज शेजारीशेजारी बसलेत.

हे गाणं ऐकावं आणि पाठोपाठ फ्रिडाचं ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ किंवा आग्नेथाचं ‘डोन्ट शट मी डाउन’ लावावं. संगीत शिकलेलं असायची गरज नाही. नव्या गाण्यांची सुरुवातच खालच्या सुरात होते, आवाज जाड आणि किंचित खरखरीत वाटतो, शब्दाच्या शेवटी थोडा श्वास सांडतो.

हा फरक घशातल्या दीडेक सेंटिमीटरच्या जागेत घडतो. प्रौढ स्त्रीचे स्वरतंतू साधारण ११ ते १५ मिलिमीटर लांब असतात, पुरुषाचे १७ ते २१. तंतू म्हणायचं ते सवयीनं. प्रत्यक्षात त्या घड्या आहेत. वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग बंध आणि सगळ्यात आत स्नायू. पाश्चात्त्य वाद्यवृंदात वाद्यं मिळवण्यासाठी लावतात तो ४४० हर्ट्झचा सूर बाईनं लावला की या घड्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींवर आपटतात. सूर चढवायचा तर त्यांना ताणावं लागतं, आणि ते काम स्वरयंत्रातल्या दोन कूर्चा करतात: एक दुसरीवर कलते, घड्या लांबतात, ताण वाढतो.

वय वाढतं तशा या कूर्चा हाडासारख्या कडक होत जातात आणि त्यांचा सांधा पूर्वीइतका मोकळा कलत नाही. मऊ थरातलं लवचीक इलास्टिन घटतं आणि राठ कोलॅजेन वाढतं. आतला स्नायू बारीक होतो, त्यामुळे घड्यांच्या कडा मध्ये खोलगट होतात आणि मिटताना फट राहते. मघाचा सांडलेला श्वास तो हाच. छातीचा भाता कमी भरतो, त्यामुळे लांब ओळ एका दमात ओढणं अवघड होतं. स्त्रियांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झालं की घड्या काहीशा जाड होतात, आणि जाड घडी सावकाश कंप पावते. बोलताना २०० हर्ट्झच्या आसपास असणारा बायकी आवाज म्हणून खाली येतो. पुरुषांचं उलट. त्यांचा स्नायू झिजल्यानं उतारवयात आवाज थोडा वर चढतो. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्याचे आवाज एकमेकांकडे सरकलेले असतात, याला प्रेम कारणीभूत नसतं.

आता या तुलनेतली खोट सांगायला हवी. १९७८चा तो लखलखीत आवाज सगळाच गळ्यातून आलेला नव्हता. अॅबाचा ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो एकच ओळ गायिकांकडून पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायचा आणि मधल्या वेळी टेपचा वेग जरासा बदलायचा. टेप सुमारे सहा टक्के जोरात फिरवली तर सूर अर्ध्या स्वरानं चढतो. ट्रेटोचा बदल त्याहून कितीतरी बारीक, पण एकावर एक रचलेल्या आवाजांत तेवढ्यानंही अशी झळाळी यायची की दोघींच्या जागी पाच-सहा जणी गातायत असं वाटावं. थोडक्यात, २८ वर्षांच्या आग्नेथालाही रंगमंचावर स्वतःच्या रेकॉर्डशी बरोबरी करणं सोपं नव्हतं.

मग जुनीच गाणी खालच्या पट्टीत गायला काय हरकत? इथे अडचण गायकाकडून श्रोत्याकडे येते. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिटिन यांनी अमेरिकेत ४६ जणांना त्यांचं आवडतं पॉप गाणं आठवून, कुठलंही वाद्य न ऐकवता, म्हणायला सांगितलं. बहुतेक मंडळी काही गायक नव्हती. तरी दोनदा म्हणायला लावल्यावर ४० टक्के लोकांनी निदान एकदा तरी नेमका रेकॉर्डचाच सूर पकडला. एखादा सूर नुसता ऐकून ओळखणारे लोक फार थोडे; पण हजार वेळा ऐकलेल्या गाण्याची पट्टी साध्या माणसाच्या डोक्यात घट्ट बसते, आणि ती बसल्याचं त्याला ठाऊकही नसतं. ते गाणं उद्या दीड स्वर खाली आलं तर काय बिघडलंय ते त्याला सांगता येणार नाही, फक्त ‘पूर्वीसारखी मजा नाही’ एवढं म्हणेल. शिवाय मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या संशोधकांनी १९८९ साली दाखवून दिलं की माणसाला सगळ्यात प्रिय असतात ती वयाच्या तेविसा-चोविसाव्या वर्षाच्या आसपास गाजलेली गाणी. म्हणजे श्रोता तिथे उभा, गायक पुढे निघून गेलेला.

आपल्याकडच्या ख्यालगायकाला ही पंचाईत नाही. काळी पाचवर गाणारी बाई वय झाल्यावर काळी चारवर आली तर तंबोरे उतरवून मिळवले की झालं. यमन यमनच राहतो, कारण षड्ज कुठेही धरायची मुभा आहे. पॉपमध्ये षड्ज रेकॉर्डवर कायमचा खिळलेला असतो.

म्हणून मला वाटतं, उतारवयात एकत्र आलेल्या कलावंतांनी नवं गाणं करणं हे जितकं धाडसाचं मानलं जातं तितकं नाही. उलट गळ्याच्या बाजूनं पाहिलं तर तीच सोपी वाट आहे. नव्या गाण्याची पट्टी कुणाच्याच डोक्यात नसते. संगीतकार आजच्या गळ्याला मोजून सूर बेततो: सुरुवात खाली, वरचा सूर मोजकाच, श्वासाला जागा. बेनी आणि ब्यॉर्नना त्या दोन गळ्यांची माहिती जेवढी, तेवढी दुसऱ्या कुणाला असणार? ‘डोन्ट शट मी डाउन’मध्ये आग्नेथा आधी जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि गाणं नाचतं व्हायला लागल्यावरच वर जाते.

बीटल्सची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाला. २ नोव्हेंबर २०२३ला आलेल्या ‘नाऊ अँड देन’ या गाण्यातला, १९८०मध्येच गेलेल्या जॉन लेननचा आवाज सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरच्या कॅसेटवर, पियानोसकट, टेपलेला. १९९५मध्ये उरलेल्या तिघांनी त्यावर काम करून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण पियानो आणि घरघर आवाजापासून सुटेना. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूनं बनवलेल्या मशीन लर्निंगच्या प्रणालीला मात्र आवाज कसा असतो आणि पियानो कसा हे शिकवलेलं होतं. तिनं दोन्ही वेगळे केले. तिथे एक गळा थांबलेला आणि त्याच्या जोडीला ऐंशीच्या घरातल्या पॉल मॅकार्टनींचा.

अॅबानं कामाची वाटणीच करून टाकली. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ ऑलिंपिक पार्कमध्ये २७ मे २०२२पासून सुरू झालेल्या कार्यक्रमात चौघांच्या तरुण डिजिटल प्रतिमा गातात. त्यासाठी चौघांनी पाच आठवडे १६० कॅमेऱ्यांसमोर गाणी सादर केली, आणि तरुण शरीराच्या चपळाईसाठी कमी वयाचे नर्तकही वापरले. जुन्या गाण्यांना जुनेच मुद्रित आवाज आहेत, साथीला दहा वादक मात्र प्रत्यक्ष. पट्टी तसूभरही हललेली नाही. त्याच कार्यक्रमात दोन नवी गाणीही आहेत, आणि तेवढ्या वेळापुरता पडद्यावर तिशीचा चेहरा असतो आणि गळा सत्तरीचा.