मोसे खोऱ्यातले तळ्याकाठचे शहर: परवानग्या कुणी, कशा दिल्या?

लवासा म्हणजे पुण्याजवळ हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने उभारलेले खासगी शहर. त्याचा विषय निघाला की गाडी थेट 2010 च्या, काम थांबवायला सांगणाऱ्या केंद्राच्या नोटिशीवर येते. पण खरी गोष्ट त्याच्या चौदा वर्षे आधी सुरू होते. राज्य सरकारने 1996 मध्ये गिरिस्थाने (हिल स्टेशन) वसवण्यासाठी खास नियमावली काढली आणि 2001 मध्ये मुळशी-वेल्ह्यातली अठरा गावे त्यासाठी अधिसूचित केली. ‘स्वतंत्र भारतातले पहिले गिरिस्थान’ ही जाहिरात पुढची.

जागा निवडली ती वरसगाव धरणाच्या काठावरची. मोसे नदीवरचे हे धरण कागदोपत्री वीर बाजी पासलकरांच्या नावाने आहे; पासलकर याच खोऱ्यातले देशमुख. साठा सुमारे 12.8 टीएमसी (अब्ज घनफूट). पानशेत, टेमघर आणि खडकवासल्याबरोबर हे धरण पुण्याची तहान भागवते आणि खालच्या शेतीलाही पाणी देते. म्हणजे साठा वापरण्यासाठीच आहे. उन्हाळ्यात पाणी उतरते, काठ मागे सरकतो आणि उघडा पडतो तो चिखल. तळ्याकाठचे घर विकणाऱ्याला हे परवडणारे नव्हते. त्यामुळे प्रस्तावातला कळीचा भाग इमारतींचा नव्हताच, पाण्याचा होता. कृष्णा खोरे विकास महामंडळाने 2002 मध्ये धरणासाठी संपादित केलेल्या जमिनीपैकी सुमारे 141 हेक्टर जमीन या प्रकल्पाला तीस वर्षांच्या भाड्याने दिली आणि बंधारे बांधायची मुभाही दिली. लवासातल्या दासवे गावाच्या काठावरच्या रंगीत इमारतींसमोर पाणी अडून राहते ते अशा बंधाऱ्यामुळे. शेतकऱ्यांकडून धरणासाठी घेतलेली जमीन खासगी वसाहतीच्या शोभेला गेली, ही तक्रार इथूनच सुरू झाली आणि माझ्या मते ती रास्त आहे.

पर्यावरणाची भाषा प्रस्तावात भरपूर होती. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने आराखडा एचओके या अमेरिकी संस्थेकडून करून घेतला. दाट वस्ती एका जागी, बाकी डोंगर मोकळा, पायी फिरता येईल असे गाव, उतारांवर झाडे. आराखड्याला परदेशात पुरस्कारही मिळाले. त्यातले काही खरोखर विचारपूर्वक होते, हे विरोधकांनीही मान्य करायला हरकत नाही. प्रश्न वेगळाच होता: हा कागद तपासून ‘नाही’ म्हणू शकेल असे टेबल कुठले? दासवे, मुगाव इथल्या कातकरी, धनगर आणि इतर शेतकरी कुटुंबांचा आवाज पुढे मोर्चात आणि कोर्टात ऐकू आला, मंजुरीच्या फायलीत नाही.

राज्याच्या पर्यावरण विभागाची मंजुरी मार्च 2004 मध्ये मिळाली. त्याच वर्षी जुलैत केंद्राने नियम बदलले. हजारापेक्षा जास्त लोकांच्या किंवा पन्नास कोटींहून मोठ्या नव्या वसाहतींना केंद्राची मंजुरी आवश्यक झाली. कंपनीचे म्हणणे, आमच्याकडे राज्याची परवानगी आधीच आहे. तेवढ्यावर काम पुढे रेटले गेले. 2008 मध्ये तर लवासा कॉर्पोरेशन या प्रकल्पाच्या कंपनीलाच राज्याने विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. अर्ज करणारा आणि बांधकाम परवानगी देणारा जवळपास एकच! एवढी सोय साध्या घरमालकाला ग्रामपंचायतीत पडवी वाढवतानाही मिळत नाही.

25 नोव्हेंबर 2010 रोजी जयराम रमेश मंत्री असलेल्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगून कारणे दाखवा नोटीस बजावली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2011 मध्ये तज्ज्ञ समिती खोऱ्यात फिरली आणि त्याच महिन्यात मंत्रालयाने पर्यावरण मंजुरीविषयीच्या 1994, 2004 आणि 2006 या तिन्ही अधिसूचनांचा भंग झाल्याचे ठरवले. नोव्हेंबर 2011 मध्ये मात्र पहिल्या टप्प्याच्या सुमारे 2,000 हेक्टरला अटींसह मंजुरी मिळाली. मधले वर्षभर बांधकाम बंद आणि डोक्यावर व्याज. या धक्क्यातून प्रकल्प सावरलाच नाही.

कंपनीचे नियोजनाचे अधिकार 2017 मध्ये काढून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) दिले गेले. म्हणजे बाहेरच्या नियोजन संस्थेचे टेबल मिळाले ते बहुतेक बांधकाम उभे राहिल्यावर. ऑगस्ट 2018 मध्ये लवासा कॉर्पोरेशनविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्याच वर्षी कायदा बदलून घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखेच कर्ज देणारे, मानले गेले होते. त्यामुळे तळ्याकाठी फ्लॅट बुक केलेली मंडळी बँकांच्या बरोबरीने आपला दावा घेऊन रांगेत उभी राहिली.