टाइमलाइनवर आवाज ओठांपासून का सुटतो?

तासाभराचे कीर्तन कॅमेऱ्यावर चित्रित केले आहे आणि आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवर घेतला आहे, असे समजू. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइली टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवून सुरुवातीला जुळवल्या, की टाळ आपटताना दिसतो त्याच क्षणी ऐकूही येतो. शेवटच्या अभंगापर्यंत पोहोचेतो मात्र टाळ आधी दिसतो आणि त्याचा नाद मागून येतो. आवाजाची क्लिप डावीकडे सरकवून शेवट जुळवला, तर सुरुवात बिघडते. अशा वेळी सॉफ्टवेअरला दोष देऊन ते पुन्हा इन्स्टॉल करणारे पुष्कळ आहेत. त्याने सहसा काही साधत नाही, कारण बिघाड बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. तो दोन फाइलींनी वेळ कशी मोजली आहे यातल्या फरकात असतो.

टाइमलाइन घड्याळासारखी दिसत असली, तरी ती प्रत्यक्षात मोजते फ्रेमची संख्या. भारतात दूरचित्रवाणीसाठी वापरला जाणारा दर सेकंदाला २५ फ्रेमचा असल्याने तेथे एक फ्रेम ४० मिलिसेकंद टिकते. आवाजाचे मोजमाप वेगळे असते: व्हिडिओसोबतचा ध्वनी सामान्यतः सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापे, या दराने साठवला जातो, म्हणजे २५ च्या दरात प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर १,९२० नमुने येतात. ३० च्या दरात ते १,६०० होतात. पण दर २९.९७ असेल, तर वाट्याला येतात १,६०१.६ नमुने, आणि येथे पूर्णांकाचा हिशेब मोडतो.

हा विचित्र आकडा आला अमेरिकेतून. तेथील कृष्णधवल दूरचित्रवाणी सेकंदाला ३० फ्रेमने चालत असे. १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले, तेव्हा रंगाची माहिती वाहून नेणारी लहर आणि ध्वनीची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर नक्षी उमटण्याचा धोका होता. जुने संच निकामी होऊ नयेत म्हणून ध्वनीच्या लहरीला हात लावता येत नव्हता. म्हणून अभियंत्यांनी चित्राचाच वेग हजारात एक भागाने कमी केला आणि ३० चे २९.९७ झाले. ते प्रक्षेपण आता इतिहासजमा झाले असले, तरी आकडा कॅमेऱ्यांच्या आणि सॉफ्टवेअरच्या मेनूत ठाण मांडून बसला आहे. २९.९७ ची क्लिप कोणी नेमकी ३० ची आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले, तर तासाभरात चित्र आणि आवाज यांत ३.६ सेकंदांची तफावत पडते.

याच तफावतीपायी टाइमकोडच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेमला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम अशा रूपात दिलेल्या क्रमांकाच्या बाबतीत ‘ड्रॉप फ्रेम’ नावाची पद्धत आली. त्यात दर मिनिटाला दोन क्रमांक गाळले जातात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळले जात नाहीत; तासाला असे १०८ क्रमांक वगळले, की टाइमकोड भिंतीवरच्या घड्याळाशी पुन्हा जुळतो. नावामुळे अनेकांचा समज होतो की चित्रातल्या फ्रेम उडतात. तसे काही होत नाही, गळतात ते केवळ आकडे.

अलीकडे अधिक त्रास होतो तो मोबाइलच्या चित्रीकरणाचा. मोबाइल ३० फ्रेमचा दर जाहीर करतो, पण तो काटेकोर पाळतोच असे नाही. सभागृहातले दिवे मंद झाले, की पुरेसा प्रकाश मिळवण्यासाठी कॅमेरा प्रत्येक फ्रेमला अधिक वेळ देतो. एका फ्रेमला सेकंदाचा चोविसावा भाग लागू लागला, तर सेकंदात तीस फ्रेम बसणार कशा? अशा फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत ती केव्हा दाखवायची याची वेळ नोंदलेली असते आणि साधा प्लेअर ती नोंद पाहून चित्र दाखवतो, त्यामुळे मोबाइलवर सारे ठीक दिसते. टाइमलाइनला मात्र समान अंतराचे घर हवे असते. नोंदी नीट वाचून काही फ्रेम दोनदा ठेवणारे किंवा वगळणारे सॉफ्टवेअर निभावून नेते. नोंदींकडे दुर्लक्ष करून फ्रेम ओळीने मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज सुटतो, आणि तोही एकसारखा नव्हे, तर जेथे प्रकाश बदलला तेथे अधिक. स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ऑनलाइन बैठकींच्या ध्वनिचित्रफिती यांचेही असेच असते.

मीडियाइन्फो हे मोफत साधन अशा फाइलचा फ्रेम दर स्थिर आहे की बदलता, हे सांगते. दर बदलता निघाला, तर हँडब्रेकसारख्या साधनाने फाइल स्थिर दराची करून घ्यावी, आणि ते संपादन सुरू करण्यापूर्वीच करावे. शेकडो कट मारून झाल्यावर मूळ फाइल बदलली, तर जुने कट एखाद-दोन फ्रेमने हुकतात आणि मग प्रत्येक जोड पुन्हा तपासण्याची वेळ येते.

कीर्तनाच्या उदाहरणात मात्र कॅमेऱ्याचा दर स्थिर आहे आणि रेकॉर्डरही ४८,००० नमुनेच घेतो आहे, तरीही आवाज मागे पडतो. दोन्ही उपकरणांत वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत एका वेगाने कंपन पावत नाहीत. दहा लाखांत वीस ते पन्नास भागांचा फरक साध्या उपकरणांत सहज असतो. तापमानानुसारही तो थोडा हलतो. दहा लाखांत पन्नास म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद, साडेचार फ्रेम. एका उपकरणाचा स्फटिक जलद आणि दुसऱ्याचा मंद असेल, तर दोन्ही चुकांची बेरीज होते.

मोजण्यासाठी टाळच उपयोगी पडतो, कारण ध्वनीच्या आलेखात त्याचा ठोका सुईसारखा उभा राहतो. सुरुवातीचा एक ठोका जुळवून शेवटच्या ठोक्याशी आवाज किती फ्रेम उशिरा येतो ते पाहावे. समजा, तो पाच फ्रेम म्हणजे २०० मिलिसेकंद उशिरा आला. तासाच्या मानाने ही चूक ०.००५६ टक्के इतकीच आहे. ती क्लिपचा वेग किंचित वाढवून काढावी असे वाटते, पण वेगाच्या टक्क्यांच्या चौकटीत दोनच दशांश स्थळे स्वीकारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १०० च्या पुढचा पहिला आकडा १००.०१ हा असतो. तो घातला, तर तासाचा आवाज ३६० मिलिसेकंदांनी आखडतो आणि आता शेवटी नाद टाळापेक्षा १६० मिलिसेकंद आधी ऐकू येऊ लागतो. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट ठरतो. प्रकाशाच्या तुलनेत ध्वनी फार मंद असल्याने लांबचा आवाज उशिरा ऐकण्याची आपल्या मेंदूला सवय आहे, आधी ऐकण्याची नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी जाणवतो, मागे पडल्यास मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा खटकत नाही.

म्हणून येथे वेगाच्या नादी न लागता आवाजाची क्लिप साधारण दर बारा मिनिटांनी, निरूपणातला विराम गाठून कापावी आणि पुढचा भाग एकेक फ्रेम डावीकडे घ्यावा. चूक कोठेही एका फ्रेमपलीकडे साचत नाही. पेटीचा सूर चालू असताना कापू नये, आणि जोडावर छोटा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढवणे, द्यावा, नाहीतर टक्कन आवाज येतो. हे करताना बाकीचे ट्रॅक लॉक आहेत ना, याचीही खात्री करावी. रिपल, म्हणजे एका बदलासोबत पुढचे सारे आपोआप सरकवण्याची सोय, चालू राहिले, तर एका जागी काढलेली फ्रेम पुढचे सारे चित्र आणि उपशीर्षके आपल्यासोबत ओढून नेते.

तफावत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असेल, तर वरचे काहीच लागू पडत नाही. क्लिप एकदा सरकवली की काम झाले, पण सरकवण्यापूर्वी कानावरचा ब्लूटूथ हेडफोन काढावा. तो आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचवू शकतो. अशा हेडफोनवर ऐकून जुळवलेली फाइल इतरांकडे आवाज पुढे गेलेल्या अवस्थेत पोहोचते, आणि तेच आपल्याला अधिक खटकते.

प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवर सरकणारी उभी खूण, अडखळतो आणि त्यामुळे आवाज सुटल्याचा भास होतो, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. व्हिडिओ आक्रसून साठवण्याच्या, २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ सारख्या पद्धतीत अधूनमधून एखादीच फ्रेम पूर्ण साठवतात. मधल्या फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले, तेवढेच असते. सलग पाहताना हे सोयीचे पडते, पण संपादक मध्येच उडी मारतो तेव्हा संगणकाला मागची पूर्ण फ्रेम शोधून तेथून पुढचे सारे उलगडावे लागते. यावर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती बनवून काम करणे हा रूढ मार्ग आहे. आपली अडचण यांपैकी कोणती, हे ओळखण्यासाठी संशय असलेला मिनिटभराचा तुकडा एक्सपोर्ट करून दुसऱ्या यंत्रावर पाहावा: तेथे ओठ जुळले, तर टाइमलाइनवरचे काहीही हलवू नये.